पौषातली मरळ

साहेबांच्या दौऱ्याचा हंगाम आणि माशांचा हंगाम कधी जुळत नाहीत, हे मला कचेरीत लागल्यावर दुसऱ्या वर्षी समजले. पावसाळ्यात काळ्या मातीतून गाडी निघत नसे आणि उन्हाळ्यात तंबूत बसवत नसे. म्हणून मोगलाईतले वरिष्ठ अंमलदार दौऱ्यावर बाहेर पडत ते थंडीत. वाटा कोरड्या असत, ज्वारी उभी असे, दूध-तूप मुबलक मिळे. नेमक्या त्याच दिवसांत नदीतला मासा तळाशी जाऊन स्वस्थ पडतो. पाणी गार झाले की त्याची भूक मंदावते. गळाला लावलेले गांडूळ तोंडासमोरून गेले तरी तो हलत नाही. ज्यांना गळ टाकून बसण्याचा शौक होता अशा साहेबांना ही गोष्ट कोणी सांगत नसे. सांगण्याचे काम ज्यांचे होते त्यांत मीही होतो.

आज माझे वय पंचावन्नाच्या पुढे गेले आहे. ज्या सकाळीविषयी लिहायचे आहे ती मी अनेकदा मनात आणून पाहिली. दर वेळी ती तशीच गार आणि सपाट समोर उभी राहते. डोळ्यांत पाणी येत नाही. येत नाही, हेच मला अधिक खटकते.

तेव्हा मी तेवीस-चोवीस वर्षांचा होतो आणि परंड्याकडच्या एका कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून होतो. कचेरीपासून काही कोसांवर सीना नदी आपली आणि इंग्रजी मुलखाची हद्द धरून वाहत असे. तिच्या एका वळणावर खडकाच्या पोटाशी मोठा डोह होता. तो वैशाखातही आटत नसे आणि त्यातल्या मरळ माशांचे नाव जिल्ह्यापर्यंत पोचले होते. मरळ हा लांबट, काळपट, सापासारख्या डोक्याचा मासा. श्वास घ्यायला तो मधून मधून पाण्यावर येतो आणि पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहतो. ही माहिती मला कामापुरती झाली होती. आमच्या घरात मासा शिजत नसे.

त्या डोहावर एक भोई होते. ते माझ्या वडिलांच्या वयाचे होते, तरी मी त्यांना अरेतुरे करत असे. आज लिहिताना हात तसा वळत नाही, म्हणून आदरार्थी लिहितो. परंतु तेव्हा तसे नव्हते, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे. ते आणि त्यांची बायको, दोघेच डोहाच्या वरच्या अंगाला खोपटात राहत. त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या त्या पाण्यात जाळे टाकले होते, पण त्यासाठी दर साली कचेरीची मंजुरी लागे. त्या वर्षी बाजारपेठेच्या एका गावच्या गुत्तेदाराने, म्हणजे ठेकेदाराने, सगळा डोह आपल्या नावावर मागितला होता. त्याला तो मिळाला तर भोयांना तिथे जाळे टाकता येणार नव्हते. भोयांची अर्जी मीच लिहून दिली होती, खाली त्यांचा अंगठा होता. ती साहेबांसमोर ठेवून त्यावर सही घेणे एवढेच माझे काम होते. त्या माणसाचे सगळे एका कागदावर होते आणि तो कागद माझ्या बस्त्यात होता.

साहेब आले तेव्हा कचेरीच्या कागदांवर बहमन महिना चालू होता आणि घरच्या पंचांगात पौष लागला होता. आधी चार दिवस आभाळ भरून राहिले होते. मग ते फाटले आणि उत्तरेचा वारा सुटला. सकाळी ज्वारीच्या पानांवर दहिवर साचलेले असे आणि माणसे उन्हाच्या पट्ट्यात भिंतीला टेकून उभी राहत, एकमेकांशी बोलत नसत. साहेब मितभाषी, सज्जन गृहस्थ होते. हैदराबादेकडच्या तलावांवर गळ टाकण्याचा त्यांना जुना नाद. सामानात त्यांनी परदेशी बनावटीची काठी आणली होती. तिला पितळी चरखी आणि चरखीवर रेशमी दोर. मुक्काम तीन दिवसांचा. दहाला कचेरी भरायची, तेव्हा शिकार सूर्य उगवता उगवताच व्हायची होती, आणि तीही काठावरून नव्हे. त्यांना डोहाच्या मध्यावर जायचे होते.

आमच्याकडे नाव नव्हती. नदी पार करायला लोक काहील वापरत, उसाचा रस आटवण्याची ती भलीमोठी लोखंडी कढई. एरवी ती कुठे तरी पालथी पडलेली असे, पण पौषात गुऱ्हाळे चालू असतात. चपराशाला घेऊन मी एका गुऱ्हाळावर गेलो आणि सरकारी कामासाठी काहील हवी असल्याचे सांगितले. मालक चुलवणापाशी बसला होता. तो उठलासुद्धा नाही.

"न्या की," तो म्हणाला. "काहील सरकारची, ऊसबी सरकारचा. आमी आपलं कांड्या चावत बसतो दोन दिस."

"चावो पटेल," चपराशी म्हणाला, "दाँत है तब तक चावो."

दोघेही हसले. मीही हसलो असेन.

काहील पाण्यावर नीट राहत नाही. गोल असल्यामुळे ती जागच्या जागी फिरत बसते. म्हणून एका माणसाला पाण्यात उतरून तिची कड धरावी लागते. खोल पाण्यात तो पाय मारत तिला ढकलतो, आणि पाण्याखाली खडक लागला की त्यावर उभा राहून तिला स्थिर ठेवतो. हे काम अर्थातच भोयांचे. डोहाच्या मध्याशी छातीभर पाण्याखाली असा एक खडक होता, तो त्यांना पायांनी ठाऊक होता.

आदल्या दुपारी मी त्यांना वेळ सांगायला गेलो, तेव्हा ते जाळ्याची गाठ मारत उन्हात बसले होते.

"मालक, एक सांगू का?" ते म्हणाले. "सायबाला म्हणावं, ऊन चढू द्या. दोपारी कडंचं पानी जरा ऊबतंय, तवा मरळ वर येती. सकाळची ती चिखलात तोंड खुपसून पडती. तिला काय दौरा हाय का कचेरी हाय?"

"साहेबांची वेळ ठरलेली आहे," मी म्हणालो.

"मंग न्हाय लागला मासा तर रुसू नगा म्हणावं."

"तू मत रूस," चपराशी म्हणाला, "इतना बस है."

मी साहेबांना यातले काही सांगितले नाही. सांगितले असते तर त्यांनी ऐकले असते, असे आता वाटते. ते ऐकून घेणारे गृहस्थ होते. पण एका भोयाच्या सांगण्यावरून साहेबांची वेळ बदलायला लावणारा कारकून, असे माझे नाव व्हावे, हे मला नको होते.

पहिल्या सकाळी नदीवर धुके नव्हते. वाराच इतका होता की धुके टिकत नव्हते. साहेब ओव्हरकोट आणि गळपट्टा घालून काहिलीत बसले. त्यांच्यासमोर गांडुळांचा डबा धरून मी. खाली घोंगडी दुहेरी अंथरली होती, तरी लोखंडाचा गारवा तिच्यातून वर येऊन मांड्यांत शिरत होता. भोयांनी अंगाला करडीचे तेल चोळले होते आणि नुसत्या लंगोटीवर ते पाण्यात उतरले. उतरताना त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो शब्द नव्हता. मग त्यांनी कड धरली आणि आम्हांला मध्याशी नेले.

आम्ही सुमारे दोन तास बसलो. गळ पडे, दोर पसरे, काही होत नसे. भोयांचे दात वाजत होते. ते ऐकू जाऊ नयेत म्हणून त्यांनी डोक्याच्या फडक्याचे टोक दातांत धरले. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले.

"पानी बहुत ठंडा होगा इसको," ते मला म्हणाले.

"आदत है, हुजूर," मी म्हणालो.

साहेब पुन्हा पाण्याकडे पाहू लागले. ते दोन शब्द उच्चारायला मला क्षणाचाही विचार करावा लागला नव्हता. नंतर मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे, की त्या वेळी माझ्या मनात काय होते. प्रामाणिकपणे सांगायचे तर काहीच नव्हते. पाय बधिर झाले होते आणि मला काठावर जायचे होते.

परत येताना साहेब एवढेच म्हणाले, "कल आख़री सुबह है, मुन्शी. इस पानी में मछली है भी?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण माझ्या मनात दिवसभर तोच प्रश्न घोळत राहिला.

तोड चपराशाने सुचवली. ती नवी नव्हती. मासा लावणे, असे त्या कामाला म्हणत. काहिलीची कड धरणारा माणूस कमरेला, पाण्याखाली, जिवंत माशांची करंडी बांधून ठेवी. साहेबांचे लक्ष दुसरीकडे असताना पाण्यातल्या पाण्यात दोर हाताशी ओढून घेई आणि गळ माशाच्या जबड्यात अडकवून सोडून देई. मरळ करंडीत मरत नाही, म्हणून ती त्या कामाला सोयीची. जुन्या अंमलदारांच्या वेळी हे अनेकदा झाले होते. कोमट पाण्यात तो भोयांनाही खेळ वाटे. कोणत्या साहेबाने कसा आरडाओरडा केला याच्या नकला ते स्वतःच करून दाखवत. पौषात मात्र ते कोणी करून पाहिले नव्हते.

मी खोपटावर गेलो, तेव्हा भोई शेकोटीपाशी दोन्ही हात काखांत धरून बसले होते. मी सांगितले ते त्यांनी ऐकून घेतले.

"बोटं चालतील का, तेवढंच बघायचं," ते म्हणाले. "मरळ धरतो आता दोपारी, कडंला. त्याचं काय न्हाय."

त्यांची बायको मध्ये बोलली. "सकाळी पान्यातनं आल्यावर घटकाभर ह्यांच्या तोंडातनं सबुद फुटला न्हाय, मालक. आन् उद्या पुन्ना?"

"तू गप," भोई म्हणाले.

"गपच हाय. पर कागदाचं नक्की का, ते इचारते. डोह गेला तर आमी जायाचं कुठं?"

"साहेब खूश झाले की तिथल्या तिथे कागद पुढे ठेवतो," मी म्हणालो. "माझा शब्द आहे."

तिने शेकोटीतले लाकूड आत सारले. मग नवऱ्याला म्हणाली, "मंग जावा."

दुसऱ्या सकाळी वारा पडला होता, पण गारठा वाढला होता. भोई करंडी बांधून उतरले. या वेळी तो आवाजही आला नाही. मध्याशी गेल्यावर साहेबांनी गळ टाकला आणि आम्ही वाट पाहू लागलो. ठरल्याप्रमाणे मी त्यांना इंग्रजी काठावरचे बगळे दाखवले. साहेब तिकडे वळले. भोयांचा उजवा हात कडेवरून सुटून पाण्याखाली गेला.

तो बराच वेळ खाली राहिला. बगळे संपले. मी एका पडक्या देवळाविषयी काहीतरी सांगू लागलो. तेवढ्यात दोर ताणला.

"लगा!" साहेब अर्धे उठलेच. "लगा, मुन्शी!"

त्यांनी चरखी फिरवली. काठी वाकली, पण दोर पुढे येईना. मी कडेवरून वाकून पाहिले. भोयांचा चेहरा हनुवटीपर्यंत पाण्यात होता, ओठ निळे पडले होते, नजर समोर कुठेतरी लागली होती. त्यांच्या खांद्याजवळ पाण्यात तांबूस रंगाचा एक धागा वर आला आणि विरून गेला. मला कळले. गळ माशाला लागला नव्हता. तो त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी मांसात रुतला होता, आणि साहेब जे ओढत होते तो त्यांचा हात होता.

थांबा, एवढेच मी म्हणायला हवे होते. साहेब थांबले असते. मी म्हणालो, "धीरे, हुजूर, बड़ी मालूम होती है."

साहेबांनी दोर ढिला दिला, पुन्हा ओढला. असे तीन-चार वेळा झाले. ते हसत होते. त्यांना हसताना मी प्रथमच पाहत होतो. भोयांचे डोके एकदा पाण्याखाली जाऊन वर आले. मग दोर एकदम सैल झाला आणि काही क्षण काहीच घडले नाही. साहेबांचा चेहरा उतरला. आणि दोर पुन्हा ताणला गेला. हातभर लांबीची मरळ पाण्यावर उसळली आणि काहिलीत येऊन पडली. तिचे डोके मी घोंगडीने दाबून धरले. तिच्या जबड्यावरचे रक्त पुसले. माझ्या मनात भीती एवढीच होती, की साहेबांना ते दिसू नये.

काठावर शेकोटी पेटवली होती. साहेबांचा खानसामा चहा घेऊन आला. थोड्या अंतरावर दुसऱ्या शेकोटीपाशी भोई बसले होते आणि त्यांची बायको हळद दाबून हात बांधत होती. मी तिकडे एकदाच गेलो.

"लागलं तवा कळलंबी न्हाय, मालक," ते म्हणाले. शब्द जड निघत होते. "हात माझा हाय का लाकडाचा, तेच उमगंना. वडलं तवा वाटलं, मरळच वडती." मग मान हलवून त्यांनी माझ्या बस्त्याकडे बघितले. "जावा तुमी. सायब खुशीत हाय तवर."

मी परत आलो. साहेब म्हणाले, "मुन्शी, इंतज़ाम बहुत अच्छा था. तुम्हारा नाम याद रखूँगा." मग म्हणाले, "दस्तख़त के कुछ काग़ज़ हों तो लाओ, यहीं कर देता हूँ."

मी बस्ता सोडला. वर जमिनीच्या बाबतीतले दोन कागद होते, त्यांच्याखाली भोयांची अर्जी. दोन कागद मी पुढे ठेवले. त्यांवर सह्या झाल्या. अर्जीची कड मी बोटांनी धरली होती. त्या क्षणी मनात आले, की ज्याने काहील धरली त्याचाच कागद आता पुढे आला तर साहेबांना शंका येईल. मासा आपोआप लागला नव्हता, हे त्यांच्या ध्यानात येईल, आणि आत्ताच दिलेली शाबासकी ते परत घेतील. पुढच्या दौऱ्यात ठेवू, असे मी ठरवले. तो निर्णय मला तेव्हा शहाणपणाचा वाटला.

"और कुछ?" साहेबांनी विचारले.

"नहीं, हुजूर."

मी बस्ता बांधला. निघताना भोयांना लांबूनच हाताने खूण केली, काम झाले अशी. तिचा दुसरा कोणताही अर्थ होत नव्हता.

साहेबांचा पुढचा दौरा झाला नाही. त्याआधीच त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्यांनी आल्या आल्या तुंबलेले कागद निकाली काढले. गुत्तेदाराची मागणी मिसलीत, म्हणजे त्या प्रकरणाच्या कागदांत, वर होती. तिच्यावर मंजुरी मिळाली, ती प्रत मीच नकलून काढली. भोयांची अर्जी मी पुढे केली नाही. आता ती कशी ठेवायची, इतके दिवस कुठे होती असे विचारले तर काय सांगायचे, हे मला सुचले नाही. डोहावर गुत्तेदाराची माणसे बसली. भोई कचेरीत विचारायला येतील, म्हणून मी कितीतरी दिवस दाराकडे पाठ करून बसत असे. ते आले नाहीत. एक दिवस चपराशाने सांगितले, की खोपट मोडून दोघे निघून गेले.

पुढे राज्य बदलले, कचेरीतल्या कागदांची भाषा बदलली. मी कारकूनच राहिलो. मधली वर्षे लोहारा गावच्या कचेरीत काढून पुन्हा परंड्यास आलो, तेव्हा एका बाजारच्या दिवशी मला कोणी तरी मागून हाक मारली.

"मालक! वळखलं का?"

भोयांचा दुसरा पिढीजात धंदा फुटाणे भाजण्याचा. रस्त्याच्या कडेला डोहावरच्या त्या भोयांनी भट्टी मांडली होती. ते कढईतली वाळू हलवत होते आणि बायको भट्टीला भुसा घालत होती. केस पांढरे झाले होते. उजव्या हाताचा अंगठा वळत नव्हता. झारा त्यांनी चार बोटांनी धरला होता.

"तुम्ही कसे आहात?" मी विचारले. मी त्यांना प्रथमच तुम्ही म्हणत होतो. ते त्यांच्या ध्यानात आले की नाही, मला समजले नाही.

"हाय की बरं." त्यांनी झारा थांबवला. "मालक, एक लई दिस मनात हाय. इचारू का? त्या सायबानं तुमाला लई बोल लावला का वो?"

"कशाबद्दल?"

"त्ये मासा लावल्याचं. मरळीच्या तोंडाला माझं रगात हुतं. सायबाच्या नजरंला आलं असंल, म्हनून तर पुढं अर्जी बुडाली. तुमी कागद म्होरं केलं, ते म्या शेकोटीपासनं बघितलं. तुमी शबुद पाळला. माझाच हात चुकला. तुमची नोकरी जाती का काय, ह्याचाच घोर हुता. मंग कोनत्या तोंडानं यावं कचेरीत?"

तुमचा कागद मी पुढे केला नव्हता, एवढे वाक्य होते. रस्त्यावर गर्दी होती, पण आमच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. वेळ होता. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"नाही," मी म्हणालो. "मला कोणी काही बोलले नाही."

हे खरे होते, म्हणून ते सहज निघाले.

"मंग बरं," ते म्हणाले. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि बायकोकडे वळून आवाज चढवला, कारण तिला आता कमी ऐकू येत असावे. "ऐकलं का? मालकांना कुनी काय बोललं न्हाय!"

तिने भुशाचे हात झटकले आणि कपाळाला लावले. "आई भवानीची किरपा," ती मला म्हणाली. "जिवाला लई लावून घेतलं हुतं वो ह्यांनी. इतकी वर्सं."

मग तिने पहिल्या घाण्यातले गरम फुटाणे सुपात घेतले आणि मला उपरणे पुढे करायला सांगितले. मी ते पुढे केले. तिने ते भरले, वरून आणखी एक ओंजळ टाकली, आणि मी टोके धरून उभा राहिलो. त्यानंतर त्या बाजारात मी पुष्कळदा गेलो. ते दोघे वारले तोवर ते वाक्य मी त्यांना सांगितले नाही.